शेजारच्या खुर्चीतला माणूस

अमेरिकेच्या राज्यघटनेने उपाध्यक्षाला नेहमीची दोनच कामं दिली. सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसायचं, आणि मतं समसमान पडली तरच आपलं मत द्यायचं. तिसरं काम कुठल्या दिनक्रमात नोंदलेलं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं: वाट पाहायची. आणि कशाची वाट पाहतो आहोत, हे चारचौघांत बोलायची सोय नसते.

*

आजवर ५० जण या खुर्चीत बसले. त्यांतले १५ पुढे अध्यक्ष झाले. उरलेल्या ३५ जणांपैकी दहा नावं न अडखळता सांगणारा माणूस अमेरिकेतही शोधावा लागेल.

*

अध्यक्षाला जोखताना त्याने काय केलं ते पाहतात. उपाध्यक्षाला जोखताना त्याच्या अध्यक्षाचं काय झालं ते पाहतात.

*

पहिला उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स. १७९३ मध्ये बायकोला लिहिलेल्या पत्रात त्याने गाऱ्हाणं मांडलं, की इतकं क्षुल्लक पद माणसाच्या बुद्धीने आजवर घडवलं नसेल. हाच अ‍ॅडम्स आठ वर्षांत २९ वेळा समसमान मतांची कोंडी फोडून गेला. त्यातलं एक मत १७८९ च्या जुलैतलं. मंत्र्याला नेमताना अध्यक्षाला सिनेटची संमती लागते. मग काढतानाही लागावी का, असा तो प्रश्न होता. अ‍ॅडम्सने अध्यक्षाच्या बाजूने कौल दिला. अध्यक्षाच्या हातात आज जी ताकद दिसते, तिचा एक चिरा त्या क्षुल्लक पदावरच्या माणसाने बसवलेला आहे. अ‍ॅडम्सची तक्रार प्रामाणिक होती, हिशेब मात्र कच्चा होता.

*

या पदाची उत्तम चेष्टा त्यावर बसलेल्यांनीच केली आहे. थॉमस मार्शल दोन भावांची गोष्ट सांगायचा: एक समुद्रावर पळून गेला, दुसरा उपाध्यक्ष झाला; दोघांचंही पुढे काही कळलं नाही. टेक्ससचा जॉन नान्स गार्नर तर या पदाची किंमत कोमट थुंकीने भरलेल्या बादलीइतकीही धरायला तयार नव्हता. अशी चेष्टा दोन गोष्टी झाकते. हाताला काम नसल्याची लाज, आणि पलीकडच्या खुर्चीची हाव. गार्नरने त्याच बादलीत दोन कार्यकाळ काढले आणि १९४० मध्ये आपल्याच अध्यक्षाविरुद्ध उमेदवारी मागितली.

*

मार्शलची आठ वर्षं विस्मरणात गेली, विनोद टिकला. राजकारण्याला याहून वाईट वारसा मिळू शकतो.

*

१८४१ च्या ४ एप्रिलला विल्यम हेन्री हॅरिसन वारला. अध्यक्षपदावर त्याला जेमतेम महिना झाला होता. अध्यक्ष गेल्यावर उपाध्यक्षाकडे नुसती कामं येतात की पदच येतं, हे घटनेच्या शब्दांवरून नीट ठरत नव्हतं. जॉन टायलरने चर्चेला वेळच दिला नाही. शपथ घेतली, अध्यक्ष म्हणून कारभार सुरू केला, आणि ‘कार्यकारी अध्यक्ष’ असा पत्ता घातलेली पत्रं न फोडता परत पाठवली. विरोधकांनी त्याला ‘अपघाती महाराज’ अशा अर्थाची पदवी दिली. ती त्याला चिकटली, पण खुर्ची सुटली नाही. त्याने पाडलेला पायंडा घटनेत शब्दांनी उतरायला १९६७ साल उजाडलं. अध्यक्ष म्हणून टायलर सामान्य होता. पुढे तो बंडखोर दक्षिणेच्या काँग्रेसवर निवडूनही आला. तरीही त्याच्या त्या पहिल्या काही दिवसांच्या हट्टावर नंतरच्या आठ माणसांचं अध्यक्षपद उभं आहे.

आपल्या घटनाकारांनी उपराष्ट्रपतीला राज्यसभेच्या सभापतिपदी बसवलं ते अमेरिकेकडे पाहून. हा दरवाजा मात्र त्यांनी बंद ठेवला. राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर उपराष्ट्रपती फक्त सांभाळतो, आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक. १९६९ च्या मे महिन्यात झाकिर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरींना सांभाळणं मिळालं. पद हवं म्हणून त्यांना राजीनामा देऊन निवडणूक लढवावी लागली. टायलरला आपल्याकडे पत्रं परत पाठवता आली नसती.

*

मृत्यूने दिलेली बढती हे कर्तृत्व नव्हे. पण चरित्रात ती कर्तृत्वाच्याच प्रकरणात छापली जाते.

*

चेस्टर आर्थरचं उदाहरण घेऊ. न्यूयॉर्क बंदराच्या जकातखात्याचा तो प्रमुख होता. त्या काळी तिथल्या नोकऱ्या म्हणजे पक्षाच्या कार्यकर्त्यांना वाटायचा प्रसाद, आणि वाटणारा हात आर्थरचा. अध्यक्ष हेझने १८७८ मध्ये त्याला त्या जागेवरून काढलं. दोनच वर्षांनी पक्षाने त्याला उपाध्यक्षपदाचा उमेदवार केलं, कारण न्यूयॉर्कच्या रॉस्को काँकलिंगच्या गटाची समजूत काढायची होती. निवडून आल्यावरही आर्थर काँकलिंगचाच माणूस राहिला. अध्यक्ष गारफिल्डशी भांडून काँकलिंगने सिनेटचा राजीनामा दिला, तेव्हा देशाचा उपाध्यक्ष ऑल्बनीला जाऊन त्याच्या फेरनिवडीसाठी आमदारांची मनधरणी करत होता. आपल्याच अध्यक्षाच्या शत्रूसाठी.

२ जुलै १८८१ ला गारफिल्डवर गोळी झाडली गेली. झाडणारा ओरडला, की मी काँकलिंगच्या गटाचा आहे आणि आता आर्थर अध्यक्ष होईल. एखाद्या माणसाच्या लौकिकावर याहून जड दगड पडला नसेल. गारफिल्ड अडीच महिने झिजत राहिला. त्या दिवसांत न्यूयॉर्कच्या ज्युलिया सँड नावाच्या आजारी, अनोळखी बाईने आर्थरला पत्र लिहिलं. तुम्ही अध्यक्ष होणार या कल्पनेने लोक घाबरले आहेत, असं तिने स्पष्ट कळवलं, आणि तुम्ही बदलू शकता असंही. एकूण २३ पत्रं तिने लिहिली. आर्थर एकदा तिला भेटूनही आला. मरण्याआधी त्याने आपले बहुतेक कागद जाळायला लावले. तिची पत्रं मागे राहिली.

आणि १८८३ च्या जानेवारीत याच आर्थरने पेंडलटन कायद्यावर सही केली. सरकारी नोकऱ्या वशिल्याऐवजी परीक्षेने देण्याची ती सुरुवात. ज्या शिडीने तो चढला तीच त्याने काढून घेतली.

गोष्ट इतकी सुंदर आहे की आपण एक गल्लत खपवून घेतो. सुधारला तो अध्यक्ष आर्थर. उपाध्यक्ष आर्थर साडेसहा महिने अत्यंत वाईट उपाध्यक्ष होता. उपाध्यक्षांची क्रमवारी लावणाऱ्या याद्यांमध्ये तो वर दिसतो तेव्हा एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यात टाकलेली असते.

*

थिओडोर रूझवेल्टला उपाध्यक्ष केलं ते न्यूयॉर्कच्या पुढाऱ्यांना तो गव्हर्नर म्हणून नको होता म्हणून. अडगळीत टाकायला या पदाइतकी प्रतिष्ठित जागा दुसरी नव्हती. सिनेटचं कामकाज त्याने जेमतेम काही दिवस पाहिलं. १९०१ च्या सप्टेंबरात अध्यक्ष मॅकिन्ली गेला आणि अडगळीची खोली व्हाइट हाउसला लागून आहे हे पुढाऱ्यांच्या लक्षात आलं.

*

उमेदवार निवडताना पाहतात तो प्रांत, पक्षातला गट, वय, धर्म, कधी नुसता चेहरा. निवडून आल्यावर विचारतात: हा माणूस राज्य करू शकेल का? पहिल्या परीक्षेत हा प्रश्न नव्हताच. लग्नातली करवली नटूनथटून प्रत्येक फोटोत असते. तिला संसार येतो का, हे कुणी पाहिलेलं नसतं.

*

हॅनिबल हॅमलिन लिंकनचा पहिला उपाध्यक्ष. गुलामगिरीचा ठाम विरोधक, कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यावं म्हणून आग्रह धरणारा. मेन राज्याचा. मेन तसंही लिंकनलाच मत देणार होतं, म्हणून १८६४ मध्ये हॅमलिनची गरज उरली नाही. युद्धाच्या काळात संघराज्याशी निष्ठावान राहिलेला दक्षिणेतला माणूस जास्त कामाचा होता. तो होता टेनेसीचा अँड्र्यू जॉन्सन. त्या उन्हाळ्यात हॅमलिन आपल्या राज्याच्या तुकडीत साधा शिपाई म्हणून दाखल झाला आणि किटरीच्या किल्ल्यात त्याने स्वयंपाक्याचं काम केलं. देशाचा उपाध्यक्ष, पद शाबूत असताना.

जॉन्सन १८६५ च्या शपथविधीला दारूच्या अमलात उभा राहिला आणि लांबलचक बरळला. आजारपणात औषध म्हणून घेतली होती, असं समर्थन झालं. ते खरंही असेल. सहा आठवड्यांनी लिंकनचा खून झाला, आणि नुकत्याच मुक्त झालेल्या ४० लाख माणसांचं भवितव्य त्यांना हक्क द्यायला नाखूश असलेल्या जॉन्सनच्या हाती गेलं. हॅमलिन असता तर काय झालं असतं, हा खेळ मी खेळणार नाही. पण मेन राज्याच्या मतांची खात्री असणं हे इतकं महागात पडलं, एवढं नोंदवायला हरकत नाही.

*

थॉमस जेफरसनला सिनेटच्या खुर्चीत कंटाळा आला. त्याने सभागृहाच्या कामकाजाचे नियम जमवून पुस्तिका लिहिली. प्रतिनिधीगृह आजही तिचा आधार घेतं. त्याच काळात, १७९८ मध्ये, आपल्याच सरकारच्या कायद्याविरुद्ध केंटकीच्या विधिमंडळासाठी त्याने गुपचूप ठराव लिहून दिला. एकाच दौतीतून सुव्यवस्थेचं पुस्तकही आलं आणि बंडाचा मसुदाही. रिकामा वेळ हुशार माणसाला कुठे नेईल याचा भरवसा नसतो.

*

अ‍ॅरन बरने ११ जुलै १८०४ ला हडसन नदीकाठी विहॉकन इथे द्वंद्वात आपला राजकीय वैरी अलेक्झांडर हॅमिल्टन याला गोळी घातली. हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी मेला. बर तेव्हा उपाध्यक्ष होता. दोन राज्यांत त्याच्यावर आरोप ठेवले गेले. काही महिन्यांनी तो वॉशिंग्टनला परतला आणि सिनेटच्या खुर्चीत बसला, कारण न्यायमूर्ती सॅम्युअल चेस याच्यावर महाभियोग चालायचा होता आणि अध्यक्षस्थान त्याचंच होतं. न्यायाधीशासमोर खुनी उभा राहतो हे जगाने पाहिलं होतं. खुन्यासमोर न्यायाधीश, हे नवीन. तेव्हाच्या लोकांनाही ही विसंगती टोचली.

आणि बरने ते काम निर्दोष केलं. कडक, निःपक्षपाती, वेळेवर. अध्यक्ष जेफरसनला चेस नको होता. बरने तराजू झुकू दिला नाही. चेस सुटला. १८०५ च्या मार्चमध्ये बरने सिनेटचा निरोप घेतला. हे सभागृह म्हणजे कायद्याचं आणि स्वातंत्र्याचं आश्रयस्थान आहे अशा आशयाचं तो बोलला, आणि त्याचा तिटकारा करणाऱ्या सदस्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांनी त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. त्यातून तोही सुटला.

घटनेने नेमून दिलेल्या कामापुरतं पाहिलं तर बर हा फार चांगला उपाध्यक्ष ठरतो. एवढंच पाहावं का, हा प्रश्न हॅमिल्टनच्या बायकोला विचारावा लागेल.

*

रिचर्ड मेंटर जॉन्सन, केंटकीचा, १८३७ ते १८४१. ज्युलिया चिन ही कायद्याने त्याची गुलाम. तिच्याशी त्याने उघडपणे संसार केला, दोन मुलींना आपलं नाव दिलं, शिकवलं. ती १८३३ मध्ये वारली. १८३६ च्या निवडणुकीत राज्याच्या वतीने मत देणाऱ्या व्हर्जिनियाच्या इलेक्टरांनी त्याला मतं द्यायला नकार दिला आणि निवड सिनेटने करावी लागली. असं एकदाच घडलं. त्या काळाने त्याला धिक्कारलं, कारण त्याने तिला लपवलं नाही. आजचा काळ त्याला धिक्कारतो, कारण ती त्याच्या मालकीची होती. एकाच घरावर दोन शतकांचे दोन निकाल. दोन्ही विरुद्ध गेले आणि कारणं एकमेकांशी बोलत नाहीत.

*

मतांच्या मोजणीने जोखायचं ठरवलं तर कमला हॅरिस पहिल्या. जॉन कॅल्हूनचा ३१ कौलांचा विक्रम सुमारे दोन शतकं उभा होता. हॅरिस यांनी चार वर्षांत ३३ वेळा कोंडी फोडली. पण तो आकडा सिनेट किती बरोबर मधोमध चिरलेली होती याचं मोजमाप आहे. पूर पाहून पट्टीच्या पोहणाऱ्याची उंची सांगता येत नाही.

गॅरेट हॉबार्टचं एकच मत पाहा. १८९९ च्या फेब्रुवारीत, फिलिपिन्सला पुढे स्वातंत्र्य देण्याचं आश्वासन द्यावं या ठरावावर सिनेट समसमान दुभंगली. हॉबार्टने विरोधात मत दिलं. फिलिपिन्स स्वतंत्र झालं १९४६ मध्ये. हॉबार्ट सुस्वभावी, लोकप्रिय, मॅकिन्लीचा जिवलग. त्याच वर्षी तो वारला. स्वभाव चांगला होता, एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं, आणि नंतर तेही नाही.

*

आता या पदाचा खरा कस. दर चार वर्षांनी उपाध्यक्ष काँग्रेसच्या संयुक्त बैठकीसमोर इलेक्टरांच्या मतांची पाकिटं उघडवतो आणि विजेत्याचं नाव जाहीर करतो. कधीकधी हरलेला तो स्वतःच असतो.

१३ फेब्रुवारी १८६१: जॉन ब्रेकिनरिज. दक्षिणेचा उमेदवार, लिंकनकडून हरलेला. दक्षिणेतली राज्यं फुटून निघत होती, मोजणी उधळली जाणार अशा अफवा शहरभर होत्या. त्याने मोजणी शांतपणे पार पाडली आणि लिंकन निवडून आल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तो बंडखोरांचा सेनाधिकारी होता आणि सिनेटने त्याला देशद्रोही म्हणून बडतर्फ केलं होतं. फेब्रुवारीतला ब्रेकिनरिज आणि डिसेंबरातला ब्रेकिनरिज, दोघांची बेरीज करून सरासरी काढणाऱ्याला मी हात जोडतो.

६ जानेवारी १९६१: रिचर्ड निक्सन. हवाईकडून परस्परविरोधी प्रमाणपत्रं आली होती. निक्सनने स्वतःविरुद्धची ग्राह्य धरली. पुढचा निक्सन आपल्याला माहीत आहे. म्हणून या दिवसाचा निक्सन खोटा ठरत नाही.

६ जानेवारी २००१: अल गोर. देशभरात जास्त मतं, फ्लोरिडात हार, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्यांच्याच पक्षाचे प्रतिनिधी एकामागून एक उभे राहून हरकत घेत होते. हरकतीवर तेव्हा एका तरी सिनेटरची सही लागायची, ती नव्हती. गोर यांनी प्रत्येकाला नियम सांगून खाली बसवलं. आपल्याच बाजूच्या माणसाला गप्प करायला लागतो तो निग्रह विरोधकाला गप्प करायला लागत नाही.

६ जानेवारी २०२१: माइक पेन्स. हरला होता त्यांचा अध्यक्ष, आणि त्याला मोजणीचा निकाल फिरवून हवा होता. बाहेर जमाव त्यांना फाशी द्या म्हणून ओरडत होता. प्रतीकात्मक का होईना, फाशीचा सांगाडाही उभा होता. थांबलेली बैठक रात्री पुन्हा भरली आणि पेन्स यांनी पहाटेपर्यंत मोजणी पुरी केली. त्यांनी केली ती बेरीज. बेरजेला धाडस लागावं, ही त्या दुपारची अवस्था होती. आधीची चार वर्षं त्यांनी बहुतेक वेळा मान डोलावली होती. ती चार वर्षं त्या रात्रीने धुतली जात नाहीत. त्या रात्रीची किंमतही त्या वर्षांनी उतरत नाही.

२०२२ मध्ये काँग्रेसने कायदा करून स्पष्ट केलं, की मोजणीत उपाध्यक्षाचं काम निव्वळ औपचारिक आहे. सद्गुणावर भरवसा ठेवणं परवडत नाही तेव्हा त्याचा कायदा होतो. २०२५ मध्ये हॅरिस यांनी स्वतःच्या पराभवाची मोजणी केली. फार वेळ लागला नाही.

*

उपाध्यक्ष डॅन क्वेल १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका शाळेत गेले आणि एका मुलाने बरोबर लिहिलेल्या ‘बटाटा’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगला त्यांनी जास्तीचं एक अक्षर जोडायला लावलं. त्यांच्या हातातल्या कार्डावरच चूक होती. त्या अक्षराने त्यांचा लौकिक कायमचा ठरवला. २०२० च्या अखेरीस अडचणीत सापडलेल्या पेन्स यांनी सल्ल्यासाठी फोन केला तो क्वेल यांना. तुझ्या हातात यात काहीही नाही, विषय संपव, असं क्वेल यांनी निःसंदिग्धपणे सांगितल्याचं पुढे प्रसिद्ध झालं. बुद्धीचा उपहास झालेल्या माणसाचा विवेक शाबूत होता. विनोदी कार्यक्रमांनी त्याची दखल घेतली नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

*

न केलेल्या कृतीला गुण द्यायचे, तर मार्शलचं काय करायचं? १९१९ च्या ऑक्टोबरात त्याचा अध्यक्ष वुड्रो विल्सन याला पक्षाघाताचा झटका आला. त्याची बायको आणि डॉक्टर यांनी त्याची खरी अवस्था दडवली. मार्शलला लोक सुचवत राहिले, पुढे हो. तो झाला नाही. सत्ता बळकावल्याचा कलंक त्याला नको होता, आणि विल्सन बरा झाला तर काय करायचं याचं उत्तर घटनेत नव्हतं. दीड वर्ष देश जवळजवळ बिनअध्यक्षाचा चालला. पेन्स यांनी हात आवरला तो मर्यादा माहीत होती म्हणून. मार्शलने आवरला तो मर्यादा कुठे आहे हे कुणीच सांगत नव्हतं म्हणून. बाहेरून दोघांचं थांबणं सारखंच दिसतं. मार्शलला मी भित्रा म्हणणार नाही, पण त्याच्या सभ्यतेचं बिल दुसऱ्यांनी भरलं.

*

हॅरी ट्रुमन ८२ दिवस उपाध्यक्ष होता. अणुबाँब तयार होतो आहे हे त्याला त्या ८२ दिवसांत कुणी सांगितलं नाही. १२ एप्रिल १९४५ ला अध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर सांगितलं. हे अज्ञान कुणाच्या खात्यात घालायचं? उपाध्यक्षाची लायकी अनेकदा अध्यक्षाने दार किती उघडलं यावरून ठरते, आणि फ्रँकलिन रूझवेल्ट दारं उघडणाऱ्यांतला नव्हता.

*

ते दार नीट उघडलं ते जिमी कार्टरने, आणि कसं उघडावं हे लिहून दिलं वॉल्टर माँडेलने. १९७६ च्या डिसेंबरात त्याने कार्टरला एक टिपण दिलं: सर्व कागद मलाही दिसावेत, अध्यक्षाला कधीही भेटता यावं, एखादं खातं गळ्यात घालू नये, सर्वसाधारण सल्लागार राहू द्यावं. व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये उपाध्यक्षाला खोली मिळाली ती तेव्हा. नंतर आलेला प्रत्येक जण माँडेलने मांडलेल्या टेबलावर काम करतो. १९८४ मध्ये माँडेल स्वतः अध्यक्षपदाला उभा राहिला आणि ४९ राज्यांत हरला. लोकांच्या लक्षात ते ४९ राहिले.

*

डिक चेनीला त्याच इमारतीत सर्वांत जास्त सत्ता मिळाली. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी अध्यक्ष फ्लोरिडात आणि चेनी व्हाइट हाउसच्या तळघरातल्या खोलीत. त्यानंतरचं युद्ध, कैद्यांची चौकशी, पाळत, सगळ्यावर त्याचा ठसा. प्रभावाने जोखलं तर त्याच्याजवळ कुणी फिरकत नाही.

त्याला अध्यक्ष व्हायचं नव्हतं, याचं तेव्हा कौतुक झालं: निःस्वार्थ सल्लागार. मला उलट वाटतं. ज्याला पुढची निवडणूक लढवायची असते तो मतदारांच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. महत्त्वाकांक्षा ही लाजिरवाणी असेल, पण ती लगाम आहे. चेनीला तो नव्हता.

*

ह्युबर्ट हम्फ्रीने १९६५ च्या फेब्रुवारीत लिंडन जॉन्सनला खासगी टिपण पाठवून व्हिएतनामचं युद्ध वाढवू नका म्हणून सांगितलं. कारणं दिली, ती पुढे खरी ठरली. जॉन्सनने त्याला व्हिएतनामच्या चर्चेतून बाहेर काढलं. पुन्हा आत येण्यासाठी हम्फ्री त्याच युद्धाची जाहीर वकिली करू लागला. १९६८ मध्ये त्याच युद्धाच्या नावाने तरुणांनी त्याला हुसकावलं, आणि तो थोडक्यात हरला.

खासगीत खरं बोलल्याचे अर्धे गुण द्यावेत. उरलेले अर्धे चारचौघांत बोलल्यावर मिळतात.

*

स्पिरो अ‍ॅग्न्यू नीतिमत्तेवर फार बोलायचा. मेरीलंडच्या कंत्राटदारांकडून पैसे घेण्याची त्याची सवय उपाध्यक्ष झाल्यावरही सुटली नाही. १० ऑक्टोबर १९७३ ला त्याने राजीनामा दिला. त्याने देशासाठी केलेलं एवढं एकच काम निर्विवाद चांगलं. पुढे अध्यक्ष निक्सनला पद सोडावं लागलं तेव्हा शेजारच्या खुर्चीत जेराल्ड फोर्ड होता.

*

चार्ल्स कर्टिसकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. आई कॉ या मूलनिवासी जमातीच्या वंशातली. बालपणाचा काही काळ कॅन्सासमध्ये जमातीच्या वस्तीवर, आजीपाशी गेला. १९२९ मध्ये तो उपाध्यक्ष झाला. गोऱ्यांहून वेगळ्या वंशाचा माणूस या पदावर पहिल्यांदा आला तो हॅरिस यांच्या ९२ वर्षं आधी. अभिमानाने सांगावी अशी गोष्ट.

पण १८९८ चा कर्टिस कायदा त्याच्याच नावाचा. त्या कायद्याने आजच्या ओक्लाहोमा भागातल्या जमातींची स्वतःची सरकारं आणि न्यायालयं मोडली, सामाईक जमिनीचे तुकडे पाडले. १९०२ मध्ये त्याच्या स्वतःच्या कॉ जमातीचीही कायदेशीर बरखास्ती झाली, आणि वाटपात कर्टिसला आणि त्याच्या मुलांना जमीन मिळाली. आपल्या लोकांचं भलं मुख्य प्रवाहात विरघळण्यात आहे, असं तो मनापासून मानत होता. तो स्वतः तसाच वर आला होता. स्वतःचा मार्ग हाच सगळ्यांचा महामार्ग समजणं ही यशस्वी माणसांची जुनी खोड. उपाध्यक्ष म्हणून त्याने फारसं काही केलं नाही. म्हणजे यादीतली त्याची जागा ठरवायची ती कशावर? वंशावर, कायद्यावर, की चार रिकाम्या वर्षांवर?

*

विल्यम किंगने १८५३ मध्ये क्युबात शपथ घेतली. क्षयाने ग्रासलेला होता. अलाबामात घरी परतला आणि लगेच वारला. उपाध्यक्ष म्हणून एक दिवसही काम केलं नाही. क्रमवारी लावणारे त्यालाही कुठेतरी बसवतात. अनेकदा अ‍ॅग्न्यूच्या वर, आणि त्यात चुकीचं काही नाही.

*

चार्ल्स डॉजला शांततेचं नोबेल मिळालं, ते जर्मनीच्या युद्धभरपाईची घडी बसवल्याबद्दल. त्याने बसवलेल्या एका चालीवर पुढे शब्द चढले आणि १९५८ मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. उपाध्यक्ष म्हणून मात्र तो आठवतो तो एका डुलकीमुळे: १९२५ मध्ये महत्त्वाच्या नेमणुकीवर सिनेटमध्ये मतं समसमान पडली तेव्हा तो हॉटेलात झोपला होता, आणि धावत येईपर्यंत वेळ गेली होती. डुलकी खरी होती. पण ज्याला वर्षभरात एकदाच हाक यायची, त्याने सदैव जागं राहावं ही अपेक्षा रखवालदाराकडून ठेवतात, आणि त्याला निदान दिवसा झोपू देतात.

*

हेन्री वॉलेस आयोवाचा, मक्याचा माणूस. राजकारणात येण्याआधी १९२६ मध्ये त्याने संकरित मक्याच्या बियाण्यांची कंपनी काढली होती. उपाध्यक्ष म्हणून त्याला रूझवेल्टने आधीच्या कुणाहीपेक्षा जास्त काम दिलं; त्याचा शेवट मंत्र्यांशी भांडणात झाला. १९४४ मध्ये तो सैबेरियात मगदानला गेला. पाहुणा येणार म्हणून कैद्यांना लपवलं होतं, पहाऱ्याचे मनोरे उतरवले होते. वॉलेसने तिथल्या कष्टाळू लोकांचं कौतुक केलं. जमिनीतलं ज्याला इतकं कळायचं त्याला जमिनीवरचं दिसलं नाही. १९५२ मध्ये त्याने सोव्हिएत रशियाबद्दल आपण चुकल्याचं लिहून कबूल केलं. त्याच्या उपाध्यक्षपदाचे टीकाकार मगदानपाशी थांबतात, आणि चाहते १९४४ च्या शिकागो अधिवेशनापाशी: उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या पहिल्या फेरीत तो ट्रुमनच्या पुढे होता, दुसरीत मागे पडला.

मला त्याची १९४० ची मेक्सिकोची वारी जास्त मोलाची वाटते. नव्या अध्यक्षाच्या शपथविधीला अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून तो गेला, आणि समारंभ उरकून खेड्यापाड्यांतली मक्याची शेतं पाहत फिरला. एवढ्या कष्टातून इतकं कमी पिकतं हे त्याला सोसवेना. परतल्यावर त्याने रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रमुखांना गाठलं: तिथे शेतीसंशोधन सुरू करा. ते १९४३ मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग तिथे रुजू झाला. त्यातून निघालेल्या बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं भारताने १९६६ मध्ये मागवलं. ही साखळी कुठून सुरू झाली असं विचारलं की बोरलॉग वॉलेसचं नाव घ्यायचा.

ती वारी उपाध्यक्षपदाच्या खात्यात धरता येत नाही. १९४० च्या डिसेंबरात वॉलेस नुसता निवडून आलेला होता. शपथ व्हायची होती.